खाणीतली पाळी

संत्र्याची दोनशे झाडं मी एकट्याने मारली. कुऱ्हाड नंतर चालवली. मारली त्याच्या आधीच, मोर्शीच्या एका सायबर कॅफेत बसून. हे मी आजवर लिहिलेलं नाही. तोंडी मात्र पुष्कळांना सांगितलं आहे, आणि दर वेळी सांगताना स्वतःला थोडा बरा दाखवला आहे. आज तसं करायचं नाही असं ठरवून बसलो आहे.

आमचं गाव मोर्शीपासून सायकलने अर्ध्या तासावर. तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला दोनदा नापास होऊन घरी बसलेला. ती वर्षं आमच्या जिल्ह्याची फार वाईट होती. जिल्ह्याचं नाव रोज वर्तमानपत्रात यायचं, ते कशासाठी हे सगळ्यांना माहीत आहे, मी सांगत बसत नाही. आमच्या घरावर तसलं कर्ज नव्हतं. बाग होती, विहिरीला पाणी होतं आणि बाबा कुणाच्या दारात न जाणारे होते. ‘परिस्थितीनं असं केलं’ असं तेव्हा आमच्याकडे पुष्कळ जण म्हणायचे आणि बहुतेकांचं ते खरंच होतं. मला ते म्हणायची सोय नाही.

कॅफे म्हणजे संत्र्याच्या पेट्या बनवायच्या कारखान्याचा अर्धा भाग. कारखाना एका मुसलमान कुटुंबाचा, आजोबांपासूनचा. मालकांना आम्ही सगळे चाचा म्हणायचो. आजूबाजूच्या बोअर आटत गेल्या, एकामागून एक बागा वाळल्या आणि पेट्यांना मागणी उरली नाही, तेव्हा चाचांनी शेडमध्ये प्लायवूडची भिंत मारून सहा कॉम्प्युटर लावले. पलीकडे दोन सुतार अजून फळ्यांना खिळे ठोकत असायचे, अलीकडे आम्ही. आमची बाकंसुद्धा पेट्यांच्या फळ्यांचीच होती, खिळ्यांनी पँट फाटायची. तुमच्या बागा वाळल्या म्हणून तर ह्या मशिनी आल्या, असं चाचा हसत सांगायचे. आम्हीही हसायचो. वाळलेली बाग दुसऱ्याची असली की हसायला काही जड जात नाही.

आम्ही तिथे जो खेळ खेळायचो तो जगभरातली माणसं एकाच वेळी खेळायची. राक्षस, जादूगार, डोंगरातले किल्ले, सगळं होतं. पण लढाईला वेगवान नेट लागतं आणि आमचं नेट असं की तलवार उगारली की पडदा थिजायचा, आणि सुटेपर्यंत आपण मेलेले असायचो. म्हणून आम्ही मोर्शीची मुलं लढायच्या भानगडीत पडलो नाही. आम्ही खणायचो. डोंगराच्या पोटात खाणी होत्या आणि खाणींच्या भिंतीत खनिजाचे साठे चमकत असायचे. वरच्या मजल्यावर हिरवट, त्याखाली पिवळे. कुदळ घेऊन समोर उभं राहायचं आणि माऊस दाबत राहायचं. दहा-वीस घावांनी एक दगड सुटून खाली पडायचा. सगळे दगड निघाले की भिंतीतला उजेड विझायचा आणि ती काळी व्हायची. आठ तासांनी तीच भिंत आपोआप पुन्हा उजळायची.

अगदी तळाला एकच मोठी शीर होती, निळी. ती नारिंगी असती तर माझी ही गोष्ट छान जमली असती, पण ती निळीच होती. ती मला आणि माझ्या चुलतभावाला एका दुपारी सापडली. अंधाऱ्या बोळातून वळलो आणि समोरची अख्खी भिंत निळी, आतून कुणी कंदील धरल्यासारखी. मला ती फार आवडली. आजही डोळे मिटले तर दिसते. तिच्यासमोर उभा असताना मला निकाल आठवत नसे, बाबांचं न बोलणं आठवत नसे. मी तिथे कामाचा माणूस होतो.

आता पाळीचं सांगायला पाहिजे. आमची विहीर आजोबांनी खणलेली. पुढे बाबा आणि काका वेगळे निघाले, शेत वाटलं गेलं, पण विहीर कशी वाटणार? ती बरोबर धुऱ्यावर, दोन्ही शेतांच्या मधल्या बांधावर होती. म्हणून पाळी ठरली. आठवड्यातले तीन दिवस आमचे, तीन काकांचे आणि सातवा दिवस विहिरीचा. त्या दिवशी कुणीच मोटार लावायची नाही, झऱ्यांना भरू द्यायचं. आमच्या भागातल्या सामाईक विहिरींवर कुठे ना कुठे अशीच रीत असते. भाऊ भावाशी वर्षानुवर्षं बोलत नाहीत, पण पाळी मोडत नाहीत.

तीच रीत आम्ही खाणीत नेली. कुणी ठरवलं नाही, आपोआप झालं. निळ्या शिरेवर तीन दिवस माझे, तीन चुलतभावाचे आणि सातव्या दिवशी तिला हात लावायचा नाही. तिला भरून यायला आठ तास लागतात हे आम्हाला पक्कं माहीत होतं, तरी सातवा दिवस आम्ही सोडायचो. कॅफेतली बाकीची मुलंही त्या दिवशी तिच्याकडे फिरकत नसत, सगळी बागवाल्यांचीच होती. अमरावतीच्या टोळीला हे कळलं तेव्हा ते हसून बेजार झाले. त्यांनी खेळातच लिहून विचारलं, की तुमच्या खाणीला सुट्टी असते का. आम्हाला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

ही अमरावतीची टोळी म्हणजे शहरातली, चांगल्या मशिनींवर खेळणारी मुलं. खाणीच्या तळाशी एक बंद दरवाजा होता आणि तो उघडायची त्यांची तयारी चालली होती. त्यांना आणखी एक माणूस हवा होता. अट एकच, त्याच्या अंगावर निळ्या दगडाचं पूर्ण चिलखत पाहिजे. शिवरात्रीच्या आधीच्या रविवारी जायचं ठरलं होतं. मी हिशेब केला. आठवड्यातल्या तीन दिवसांच्या पाळीने माझं चिलखत अर्धंही होत नव्हतं.

त्याच सुमारास आई मोरीत घसरून पडली आणि तिचं कमरेचं हाड मोडलं. अमरावतीला ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी महिनाभर तिथेच राहायला सांगितलं, म्हणून आई मामाकडे आणि बाबा तिच्याजवळ. जायच्या आधी बाबांनी मला बागेत नेलं. झाडांना ताण दिलेला होता. ताण म्हणजे पाणी तोडायचं. थंडीत महिना-दीड महिना झाडाला पाणी द्यायचं नाही, पानं वळतात, काही गळतात, झाड हवालदिल होतं. मग बरोबर वेळेवर पाणी सोडलं की ते फुलांनी भरतं. वेळ चुकली तर फूल जातं, आणि फारच चुकली तर झाड जातं. बाबांनी एका फांदीची वळलेली पानं माझ्या हातात दिली आणि संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी पहिलं पाणी सोड, हलकं सोड, आठ दिवसांनी भरपूर दे, असं तीनदा सांगितलं. ही झाडं लावली तेव्हा मी तिसरीत होतो. ओळी सरळ याव्यात म्हणून दोरीचं एक टोक मी धरलं होतं.

संक्रांतीच्या दिवशी कॅफेत चुलतभाऊ माझ्या बाकावर येऊन टेकला. तो माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, गोड बोलणारा, गावात सगळ्यांचा लाडका. खेळात त्याचा जीव माझ्याइतका नव्हताच. तो माझ्या पडद्याकडे बघत राहिला आणि मग सहज म्हणाला,

“माह्या खानीतल्या पाळ्या तू घेऊन टाक. विहिरीच्या तुह्या पाळ्या मले दे. तीन हप्ते फक्त.”

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याला गहू होता, त्याच्या बागेचाही ताण सुटायचा होता आणि विहिरीचं पाणी त्या वर्षी दोघांना पुरेल असं नव्हतं, हे त्याला माहीत होतं. मलाही माहीत होतं. मी विचार करायला जितका वेळ घेतला तितक्या वेळात एक दगडही सुटत नाही. ताण जितका कडक तितकं फूल जास्त, असं बाबांच्याच तोंडून मी लहानपणापासून ऐकलं होतं. तीन आठवडे ताण लांबला तर बिघडलं कुठे, उलट बहर दणकून येईल, असं मी स्वतःला समजावलं. खरं कारण मात्र वेगळं होतं, आणि ते मला पुढे पुष्कळ दिवसांनी कळलं. विझलेली भिंत पुन्हा उजळते ह्याची मला सवय झाली होती. झाडाचंही तसंच असणार असं मी धरून चाललो होतो. शेतकऱ्याच्या पोटी जन्मून मी हे धरून चाललो होतो.

तीन आठवडे मी रोज सकाळी नऊला कॅफेत जाऊन बसायचो. सातव्या दिवशी मात्र खाणीला हात लावत नसे. विहिरीची पाळी विकून बसलेला मी, पण खाणीची रीत मोडली नाही.

बाबांचा फोन रोज दुपारी यायचा. फोन खांद्याने कानाशी दाबून मी एका हाताने माऊस दाबत राहायचो. पाणी सोडलं का? सोडलं. हलकं सोडलं ना? हो. कोणत्या ओळीपासून सुरू केलं? विहिरीकडच्या. बाबा फार बारीक विचारायचे आणि मी फार बारीक उत्तरं द्यायचो. पलीकडे सुतार खिळे ठोकायचे. हा आवाज कशाचा, असं बाबांनी एकदा विचारलं. शेजारच्या शेतात मांडव बांधतायत, असं मी म्हणालो. आठ-दहा दिवसांनी ते म्हणाले, की आता कळी दिसायला पाहिजे. त्या क्षणी एक मोठा दगड सुटत होता. मी म्हणालो, दिसते ना, विहिरीकडच्या झाडांवर दिसते. बाबांनी फोन बाजूला धरून आईला कळी आल्याचं सांगितलं. आईचं हसणं मला ऐकू आलं. झोपून राहणाऱ्या माणसाचं हसणं निराळं असतं, त्याला पोटातून जोर नसतो.

ठरल्या रविवारी माझं चिलखत पूर्ण झालं होतं. अमरावतीची टोळी आणि मी, आम्ही दरवाजापर्यंत गेलो. माझ्या नेटने त्या दिवशी दगा दिला नाही. त्यांनी दरवाजावरचा राक्षस मारला, मी मागे उभा राहून त्यांना दगड पुरवले. दरवाजा उघडला. आत आणखी एक खाण होती. तिथल्या भिंती जांभळ्या चमकत होत्या आणि तिच्या तळाला आणखी एक दरवाजा होता. त्यासाठी जांभळ्या दगडाचं चिलखत लागणार होतं.

दुसऱ्या दिवशी मी बागेत गेलो. तीन आठवडे मी तिकडे पायही ठेवला नव्हता. पानं वळलेली नव्हती, ती खाली पडलेली होती. पायाखाली कुरकुरत होती. शेंड्याकडच्या काड्या मोडून पाहिल्या तर आत हिरवं काही नव्हतं. मी घाबरलो आणि घाबरलेला माणूस करतो तेच केलं. मोटार लावली आणि हलकं-भारी काही न बघता सगळ्या आळ्यांत पाणी सोडून दिलं. विहीर अर्ध्या दिवसात खाली गेली. खाली जाणारच होती, कारण चुलतभावाने सातव्या दिवशीही मोटार लावली होती. विहिरीचा दिवस त्याने पाळला नाही. खाणीचा दिवस मात्र त्यानेही पाळला होता.

शिवरात्रीनंतर बाबा आईला जीप करून घेऊन आले. मी गावाच्या फाट्यावर उभा होतो, जीपमध्ये बसलो. आई मागच्या सीटवर आडवी होती, तिला उशीवरून बाहेरचं काही दिसत नव्हतं. गाडीरस्त्याने आमच्या शेताजवळून जाताना तिने जीप थांबवायला लावली. संत्र्याच्या फुलांचा वास सगळीकडे पसरला होता. ज्याने तो घेतला नाही त्याला सांगता येणार नाही, आणि ज्याने घेतला त्याला सांगायला नको. आईने डोळे मिटले.

“वास येऊन राह्यला,” ती म्हणाली.

तो काकांच्या बागेचा होता. वारा तिकडून होता. बाबा खाली उतरून आमच्या बागेत गेले. मी जीपमध्येच बसून राहिलो. ते फार वेळ आत नव्हते. परत आले तेव्हा हातात एक वाळकी काडी होती. ती त्यांनी रस्त्यावर टाकली, आईच्या खिडकीशी उभे राहिले आणि म्हणाले,

“आपलाच हाय.”

माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. घरी आईला पलंगावर निजवलं आणि ते सरळ काकांकडे गेले. तिथे काय बोलणं झालं ते मला चुलतभावानेच नंतर सांगितलं. तो लपवणाऱ्यातला नव्हताच. मी चोरलं नाही मोठेबाबा, अदलाबदल झाली, तुमच्या पोरानं कबूल केलं, असं त्याने सांगितलं. कशाशी अदलाबदल, हे बाबांना समजेना. तेव्हा त्याने कॅफेचा पत्ता दिला.

दुसऱ्या दिवशी बाबा कॅफेत आले. मी तिथे होतो, हे लिहितानाही लाज वाटते, पण मी तिथेच होतो. चाचांनी उठून त्यांना खुर्ची दिली. बाबांच्या किती पेट्या त्यांनी ठोकल्या होत्या कोण जाणे. बाबा बसले नाहीत. माझ्या मागे उभे राहिले आणि तो दगड कोणता ते दाखव म्हणाले. मी तळाशी गेलो. निळी शीर उजळलेली होती. बाबा वाकून बघत राहिले. प्लायवूडपलीकडचं ठोकणं त्या दिवशी नेमकं बंद होतं.

“याले पानी लागते काय?” त्यांनी विचारलं.

मी नाही म्हणालो.

“हातात घेता येते?”

मी पुन्हा नाही म्हणालो.

बाबांनी मान हलवली. ते ओरडले असते, मला मारलं असतं, तर मी सुटलो असतो. ते मारतील म्हणून मी खांदे आवळून बसलो होतो. ते सावकाश बोलले, चाचांना ऐकू जाईल अशा बेताने.

“जे नाही ते तुले चांगलं सांगता येते. फोनवर सांगत होता तसंच आता रोज सांजच्याले तुह्या मायले बाग सांगत जाय. तिले उठून चालता येईपर्यंत. एक दिवस चुकवायचा नाही.”

आणि तेव्हापासून मी रोज संध्याकाळी आईच्या पलंगाशी बसून बाग सांगू लागलो. बाबा दारात बसून ऐकायचे. पहिल्या दिवशी मी पाण्याचा तांब्या भरायच्या निमित्ताने उठलो, तर त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी बोललो. फूल भरपूर आहे म्हणालो. पाकळ्या गळतायत म्हणालो. पंधरा दिवसांनी फळ वाटाण्याएवढं झालं, मग बोराएवढं. आई बागेत पंचवीस वर्षं राबलेली होती, तिला नुसतं ‘चांगलं आहे’ चालत नसे. धुऱ्याकडच्या झाडावर किती? पानांवर काळी कोळशी दिसते का? फळांची गळ किती? मी हुशार झालो. सगळं छान आहे असं सांगितलं तर संशय येतो, म्हणून मी थोडी गळ सांगायचो. एकदा गारपिटीची भीती घातली, मग ती टाळली. ती काळजीत पडायची आणि मग सुटकेचा श्वास टाकायची, आणि दोन्ही मीच करवायचो. मला ते जमत होतं, ह्याचीच मला जास्त किळस येते.

सुरुवातीलाच, बहर संपायच्या आत, तिने ओंजळभर फुलं मागितली होती. उशाशी ठेवायला. आमच्याकडे एक कळी नव्हती. मी काकांच्या बागेत शिरलो आणि फांदी वाकवून फुलं तोडायला लागलो. चुलतभाऊ पलीकडच्या आळ्यात उभा होता, मला दिसला नव्हता. मी हात मागे घेतला.

“घे ना, घे,” तो म्हणाला. “पानी तं तुहंच हाय त्याच्यात.”

तो चिडून बोलला नाही. त्याला खरंच तसं वाटत होतं, आणि ते बरोबरही होतं. मी फुलं घेतली. आईने ती सुकून काळी पडेपर्यंत उशाशी ठेवली. वास गेल्यावरही ती ओंजळ नाकाशी धरायची.

चैत्रात झाडं शेंड्याकडून वाळत खाली आली. कुठे कुठे बुंध्याला नवे फुटवे दिसले तेव्हा मला आशा वाटली, मी एकट्याने बादलीने पाणी नेऊन घातलं, पण उन्हाने तेही करपले. वैशाखात बाबांनी कुऱ्हाड माझ्या हातात दिली. मजूर लावू नको, तूच तोड, एवढंच म्हणाले. मला महिना लागला. सकाळी मी झाडं तोडायचो आणि संध्याकाळी त्याच झाडांवरचं फळ लिंबाएवढं झालं असं सांगायचो. हाताला फोड आले तर आईने विचारलं. आळी खोदतोय म्हणालो. तिने माझे तळवे हातात घेऊन खोबरेल तेल लावलं.

लाकूड बैलगाडीने घरी आणून परसात रचलं. आई पडल्यापासून स्वयंपाक बाबाच करत होते. त्या उन्हाळ्यात त्यांनी गॅस बंद ठेवला आणि चुलीवर रांधायला लागले. मला वाटलं, लाकूड वाया जाऊ नये म्हणून करतात.

मृगाच्या तोंडावर आई काठी घेऊन ओसरीपर्यंत चालू लागली. त्या संध्याकाळी ती ओसरीवर बसली होती, आत बाबा भाकरी करत होते. मी रोजच्यासारखं सुरू केलं. फळ आता चांगलं भरतंय, बुंध्याकडच्या फांद्या वाकायला लागल्यात, टेकू द्यावे लागतील. आई ऐकत होती. तिची नजर माझ्यावर नव्हती, स्वयंपाकघराच्या धुराकडे होती. टेकूंना बांबू कुठून आणायचे ते मी सांगत होतो तेव्हा तिने काठी उचलून माझ्या गुडघ्यावर ठेवली. मारली नाही, नुसती ठेवली.

“महिना झाला, चुलीत संत्र्याचं लाकूड जळून राह्यलं,” ती म्हणाली. “मले काय वास समजत नाही? रोज बाग इचारून पाह्यत होती, का कोन्त्या दिवशी तू थांबतं.”

आतली भाकरी थापायची थाप थांबली. बाबा बाहेर आले नाहीत. त्यांनी ती चूल मुद्दाम पेटवली होती का, हे मी त्यांना कधी विचारलं नाही, आणि आता ते नाहीत.

तिच्या त्या प्रश्नाचं उत्तर मी अजून शोधतो आहे. महिनाभर ती माझ्या तोंडाकडे बघत होती, माझ्यासाठी रोज एक दार उघडं ठेवत होती, आणि मी रोज फळ थोडं थोडं मोठं करत होतो. तिने काठी ठेवली नसती तर मी कार्तिकात तोडणीही करवली असती, पेट्याही भरल्या असत्या. मी थांबलो नाही. तिनेच थांबवलं.